निवळून दिलेलं औषध

मी नववीला विज्ञान शिकवते, बावीस वर्षं झाली. द्रावण, निलंबन आणि कलिल हा धडा मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा म्हणून दाखवीन. साखर-पाणी म्हणजे द्रावण. साखर दिसत नाही, बसत नाही, गाळून निघत नाही. माती-पाणी म्हणजे निलंबन. कण दिसतात आणि जरा वेळ ठेवलं की तळाशी बसतात. दूध म्हणजे कलिल; त्यातले कण दिसतही नाहीत, बसतही नाहीत, पण त्यातून उजेडाची तिरीप सोडली की तिची वाट उमटते. एवढं सोपं आहे. एवढं सोपं असून माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर जे झालं ते मी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. आता सांगते. तोंडाची मी फटकळ आहे असं शाळेत सगळे म्हणतात, पण जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं माझी दातखीळ बसली, त्याची ही गोष्ट.

नांदेडला मी आणि आई, दोघीच राहतो. मी लग्न केलं नाही. त्याचं वेगळं रामायण आहे, ते इथं नको. आईचा सगळा जन्म कंधारकडच्या आमच्या गावी शेतात गेला. वडील गेल्यावर मी तिला इकडं आणलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण माझ्या घरात तिचाच हुकूम चालतो. चालायचा, म्हणायला पाहिजे.

आई पाण्याची मोठी जाणकार. आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी म्हणजे नुसता राडा असायचा. नदीत झरा उकरायचा, वाटीवाटीनं घागर भरायची, आणि घरी आणून त्यात तुरटी फिरवायची. किती वेढे ते तिच्या हाताला ठाऊक. मग त्या घागरीला कुणी धक्का लावायचा नाही. आम्ही भावंडं जवळून पळालो तरी ओरडायची, "हालवू नका रे, मरा तिकडं! बसू द्या ते!" संध्याकाळी ती घागर अशी अलगद कलती करायची की वरचं नितळ पाणी हंड्यात यायचं आणि साका जागचा हलायचा नाही. नांदेडात नळ आला तरी तिची सवय गेली नाही. उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की तिची तुरटी निघायची. मी वर्गात निवळण्याची क्रिया शिकवताना दरवर्षी हे सांगायचे. "माझ्या आईला वाचता येत नाही, पण प्रयोगशाळेत तिच्याइतकी सफाई कुणाची नाही." पोरी टाळ्या वाजवायच्या.

दादा आणि वहिनी लातूरला असतात. दोघंही नोकरीला. त्यांना एकच लेक, तेव्हा सहा वर्षांची. तिला आदल्या वर्षी दोनदा फिट आली होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ औषध सुरू होतं आणि त्यानंतर आठ महिने काही नव्हतं. त्यामुळं गेल्या मे महिन्यात वहिनीनं मन घट्ट करून तिला पहिल्यांदाच आमच्याकडं सुट्टीला सोडलं. वहिनीला ऑफिसात रजा नव्हती. शिवाय आईनं लई धोसरा लावला होता, "माझ्या नातीला पाठवा, माझ्या नातीला पाठवा."

वहिनीनं जाताना पिशवीतून औषधाच्या दोन बाटल्या काढल्या, मापाचं झाकण दाखवलं आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "सकाळी आठ, संध्याकाळी आठ. बाकी तुम्हाला काय सांगायचं ताई, तुम्ही सायन्सच्या."

मी म्हटलं, "बिनघोर जा."

पहिले चार दिवस मीच औषध दिलं. बाटली उचलायची, खळखळ हलवायची, मापात ओतायचं. हात आपोआप हलवायचे. त्यात डोकं लागत नव्हतं. म्हणूनच बहुतेक, हलवायचं असतं हे आईला सांगावं असं माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी पोर कंटाळली होती. बाहेर ऊन मरणाचं. मी म्हटलं चल, तुला जादू दाखवते. खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि ओट्यावर काचेचे चार ग्लास मांडले. एकात साखरेचं पाणी, एकात कुंडीतली माती कालवलेली, एकात पाणी आणि दुधाचे चार थेंब. चौथ्यात आईनं स्वतः होऊन ताक ओतलं, "ह्याचं बी बघ की," म्हणून. मोबाईलची बॅटरी लावून एकेका ग्लासावर धरली. साखरेच्या पाण्यातून उजेड आरपार गेला, आत काहीच दिसलं नाही. दुधाच्या पाण्यात पांढरी रेघ उमटली. पोर टाळ्या पिटत नाचायला लागली. मातीच्या ग्लासात कण गरगरले आणि बघता बघता खाली बसायला लागले.

आई पदर खोचून, कंबरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आन् ताकाचं काय? ते बी ठेवल्यावर बसतंच की खाली. वर पाणी येतं."

मी म्हटलं, "आई, परीक्षेत ताक विचारत नाहीत."

"कामून न्हाई इचारत? लोक ताक पेत न्हाईत का?"

पोर पोट धरून हसली. मग मी तिला विचारलं, "आता सांग बरं, खाली बसतं त्याचं काय करायचं?"

पोरीच्या आधी आईनंच उत्तर दिलं. "बसतं ते सोडून द्यायचं. वरचं निवळ घ्यायचं."

"शाबास!" मी म्हटलं. "आजीला शंभरपैकी शंभर."

आई लाजली. खरंच लाजली, पदर तोंडाला लावून. आणि औषधाच्या बाटल्या त्याच ओट्याच्या वर, फळीवर उभ्या होत्या. घरातल्या सगळ्या वस्तू मी त्या दिवशी ग्लासात ओतल्या, फक्त ती बाटली काढून दाखवावी असं मला सुचलं नाही.

दोन दिवसांनी नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला. निकालाची तारीख डोक्यावर. मी आईला म्हटलं, "आता औषध तूच देत जा. झाकणाला रेघ आहे, तिथपर्यंत." आईला आनंदच झाला. नातीचं काम हातात आलं ना.

पुढच्या सकाळी मी टेबलाशी बसून लाल पेनानं पेपर तपासत होते. आई बाटली घेऊन माझ्यासमोर, खिडकीपाशी उभी राहिली. बाटली उजेडाकडं धरली आणि म्हणाली, "बाई, ह्याच्या खाली गाळ बसलाय की. वर पातळ हाय, खाली घट्ट. निवळून देऊ का?"

मी मान वर केली नाही. "हाव," म्हटलं.

"गाळ पोटात जायला नको ना लेकराच्या?"

"हाव म्हटलं ना आई! दे की. मला तपासू दे."

एवढंच झालं. मी ते वाक्य ऐकलं होतं का? खरं सांगते, ऐकलं होतं. कानावर पडलं होतं. निवळून, गाळ, पोटात, हे शब्द मला आजही तिच्या आवाजात ऐकू येतात. ऐकूनही मी हाव म्हटलं, कारण मला ती तिथून जायला हवी होती. आणि हातात कुठला पेपर होता? प्रश्न तिसरा, निलंबन म्हणजे काय ते सांगून दैनंदिन वापरातली दोन उदाहरणे लिहा. नेमकं त्या क्षणी कुणाचं उत्तर समोर होतं ते मी सांगू शकत नाही. पण पुढं सगळं झाल्यावर मी तो गठ्ठा पुन्हा काढून बसले आणि शोधलं. तीन पोरींनी लिहिलं होतं, औषधाची बाटली, घेण्यापूर्वी हलवावी. तिघींना माझ्या हातानं पूर्ण गुण दिलेले होते.

आई त्या दिवसापासून औषध निवळून द्यायला लागली. तिच्या मायेनं आणि तिच्या सफाईनं. बाटली फळीवरून अशी उतरवायची की आतलं जागचं हलू नये. अलगद कलती करायची. वरचं पातळ मापात घ्यायची. घागरीच्या बाबतीत जी अक्कल तिला सत्तर वर्षं उपयोगी पडली, ती सगळी तिनं त्या बाटलीत ओतली. वेळ एकदाही चुकली नाही, माप एकदाही चुकलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी पोर स्वयंपाकघरात पाटावर बसून अर्धापूरचं केळ खात होती. हातातलं केळ पडलं, डोळे वर गेले आणि अंग ताठ झालं.

आई "अगं माय माय माय" करत कांदा फोडायला धावली. मी तिच्यावर केकाटले, "कांदा ठेव तो! बाजूला हो!" पोरीला कुशीवर वळवलं, तोंडातला घास काढला. दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडलं, पण ती दोन-तीन मिनिटं मला पुरून उरली. रिक्षा करून आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. मी दादाला फोन केला. दुपारपर्यंत दोघं लातूरहून आले. वहिनीच्या पायात वेगवेगळ्या जोडाच्या चपला होत्या.

पोर शुद्धीवर होती, गुंगलेली, पण आई म्हणून हाक मारत होती. डॉक्टर म्हणाले, "औषध वेळेवर चालू आहे म्हणता, मग असं व्हायला नको. बाटली आणा बघू."

मी घरी आले. फळीवरून बाटली उचलली आणि तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. वरचं जवळजवळ सगळं संपलं होतं. तळाशी बोटभर घट्ट, गुलाबी साका होता. बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरात, नीट हलवून वापरा. मला एका क्षणात सगळं समजलं. खिडकी, उजेड, गाळ, हाव. सगळं.

माझा अंगठा झाकणावर होता. हलवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. रिक्षात बसल्यावरही ते मनात आलं, लपवून काय करू. पण हलवली तर डॉक्टरांना वाटणार औषध पुरत नाही, आणि ते वाढवून देणार. एवढं विज्ञान मला येतं. मी हलवली नाही. या सगळ्या प्रकरणात मी केलेली एवढीच एक धड गोष्ट.

डॉक्टरांनी बाटली उजेडाकडं धरली, अगदी आईसारखी. "औषध कोण देत होतं?"

"मी," आई म्हणाली.

"हलवून देत होता का?"

"न्हाई साहेब. निवळून देत हुते."

तिथली नर्स खुदकन हसली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावून सांगितलं की खरं औषध त्या गाळातच होतं. पोरीला इतके दिवस नुसतं पातळ पाणी मिळालं. घाबरू नका, आता हलवून द्या, ठीक होईल. वहिनी भिंतीला टेकली आणि रडायला लागली. दादा आईवर ओरडला, "आई, येडी का काय तू? औषध म्हणजे काय घागर हाय का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं."

आता बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं मी. आणि काय म्हणाले? म्हणाले, "गावाकडची सवय आहे हो तिची. वाचता येत नाही ना तिला."

गप्प बसले असते तरी एक वेळ बरं. मी बोलले, आणि हे बोलले. शाळेत ज्या आईची टाळ्या वाजवून गोष्ट सांगायचे, तिला मी डॉक्टरांसमोर, सुनेसमोर अडाणी ठरवली. का? तर सायन्सच्या मॅडमची अब्रू जाईल म्हणून. लाज वाटते लिहायला. वाटू दे.

पोर तीन दिवसांत लातूरला गेली. वहिनी जाताना आईच्या पाया पडली, पण बोलली नाही. दारात मला हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण पुन्हा आईंच्या भरवशावर नाही ठेवता यायचं." मी मान हलवली. दिवाळीला ते आले नाहीत. फोनवर नात बोलायची, "आजी, मी येऊ का?" आणि मागून वहिनीचा आवाज यायचा, "अभ्यास कर."

आणि आई बदलली. तेलाची बाटली हलवायला लागली. दुधाची पिशवी फोडायच्या आधी हलवायची. नळाला गढूळ पाणी आलं तरी तुरटी काढली नाही, मला विचारायची, "हे बसू देऊ का हालवू?" मिठाच्या बरणीशी उभी राहून विचारायची, "बाई, हे असंच घेऊ का?" जी बाई चिमूट न बघता शंभर माणसांचं वरण करायची, ती मला मीठ विचारून राहिली होती. मी आधी नीट सांगायचे. मग एकदा चिडून म्हटलं, "आई, किती विचारशील गं? बेजार केलंस!" बोलले, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. हाच तो आवाज होता, पेपर तपासतानाचा.

जूनमध्येही धडा शिकवला होता. आईचं उदाहरण गाळलं. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, माझ्या ताईला तुम्ही तुमच्या आईची घागर सांगितली हुती, आम्हाला न्हाई सांगत का?" मी म्हटलं वेळ नाही.

संक्रांतीच्या आधी एका रविवारी आई तीळ निवडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिचं सूप बाजूला सारलं आणि म्हटलं, "आई, त्या औषधाचं. तू मला विचारलं होतंस."

चिमटीत राहिलेला तिळातला खडा तिनं बाजूला टाकला. "हाव. इचारलं हुतं."

"तुला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तू खुर्चीवर हुतीस. तुज्या हातात तांबडा पेन हुता."

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस?"

आईनं वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "तू बोलशील म्हणून थांबले हुते," ती म्हणाली.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, पन्नाशीची बाई. आईनं मला उगी म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. सूप पुन्हा पुढं ओढलं आणि तीळ निवडायला लागली.

पुढच्या शनिवारी मी लातूरची गाडी पकडली. वहिनीच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाण्याचे ड्रम लागलेले, त्यांना टेकून मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आईनं विचारलं होतं, मी हाव म्हटलं होतं. खिडकीपासून दवाखान्यापर्यंत सगळं, मी बोललेल्या त्या वाक्यासकट. दादा उठून बाहेर गेला. वहिनी गॅस बारीक करून माझ्याकडं बघत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "ह्या आठ महिन्यांत मी आईंना मनात काय काय बोलले, तुम्हाला कल्पना आहे का? माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं. सासूनं पोरीला मारलंच होतं म्हणाले मी."

तिनं चहा दिला. घेऊन मी निघाले. सोडायला दारापर्यंत कुणी आलं नाही आणि ते बरोबरच होतं.

या मे महिन्यात त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. पोर धावत जाऊन आजीच्या कंबरेला मिठी मारून बसली. वहिनी मागून पिशवी घेऊन आली. मी सवयीनं हात पुढं केला. वहिनी माझ्या अंगावरून पुढं गेली, आईसमोर उभी राहिली आणि औषधाची बाटली आईच्या दोन्ही हातांत ठेवली. म्हणाली, "आई, हे तुमच्याकडं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. हलवून."

आईनं बाटली पदरानं पुसली आणि फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी पेपर तपासत होते. आठ वाजले. आईनं बाटली उतरवली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि हलवायला लागली. मोठ्यानं मोजत, वीसपर्यंत. मग खिडकीपाशी गेली आणि बाटली उजेडाकडं धरली. मी लाल पेन खाली ठेवला. मान वर करून, खुर्ची मागं सरकवून तयार बसले.

आई नातीकडं वळली. "बघ गं माय, खाली काही बसलंय का?"

पोरीनं डोळा बाटलीला लावून नीट बघितलं. "न्हाई आजी. सगळं एक झालंय."

"मग आ कर," आई म्हणाली. मला कुणी काही विचारलं नाही.